दप्तरांवरच्या खुणा

१४ जून २००४, सोमवार

सुटले एकदाची! पहिला दिवस पार पडला. कोणी रडलं नाही, कोणी कालव्यात पडलं नाही, कोणी मधल्या सुट्टीत पळून आलं नाही. रडले ती मी एकटी, तेही घरी येऊन, चुलीच्या धुराच्या नावाखाली.

सकाळी वस्तीवरची सगळी पोरं घेऊन पुलावरून गावात गेले. पाच वर्षं हीच पोरं बिरोबाच्या मंडपात माझ्यापुढं बसायची. वस्तीशाळा. शिक्षिका मी, शिपाई मी, घंटा म्हणजे नांगराचा तुटका फाळ. मागच्या आठवड्यात केंद्रप्रमुख साहेब (पुढं के.प्र. लिहीन, हात दुखतो) सांगून गेले, वस्तीशाळा बंद, मुलं गावच्या शाळेत, "मुख्य प्रवाहात". मी म्हटलं, साहेब, मधे कालवा आहे तेवढा बघा, पुलाला कठडा नाही. हसले. बिचारे, त्यांनाही वरूनच आलेलं.

आमच्यांना मागच्या भिंतीला बसवलं. मोठे गुरुजी म्हणाले, "आज बसू द्या, उद्या मिसळू." ठकू माझा पदर सोडेना. आठ वर्षांची, तिसरीत. वस्तीवर वाचनात सगळ्यांच्या पुढं, परक्यापुढं मात्र तोंडाला कुलूप.

रात्री जेवताना आबा म्हणाले, "दसऱ्यापत्तुर बघू. जमलं तर ठीक. न्हाई तर दिवाळीनंतर मेंढरांबरूबर पोरं बी न्यायची. रानात कोण हसत न्हाई." आबा माझे सासरे. वस्तीवर आता बहुतेकांचा ऊस झाला, कळप उरलाय तो आबांचा आणि त्यांच्या पुतण्याचा, बिराचा. पण आबांच्या शब्दाबाहेर अजून कोणी नाही. आणि ठकू बिराचीच पोरगी.

म्हणजे दसऱ्यापर्यंत. बघते मी पण.

१९ जून, शनि.

राहूच्या बाजारात काकू भेटल्या. तात्यांच्या मालकीण. तात्या म्हणजे गावच्या शिक्षण समितीचे अध्यक्ष, नदीकाठची काळी जमीन त्यांची, आबांची मेंढरं दरसाल खतासाठी पहिली बसतात ती त्यांच्याच रानात. इतकं जाणं-येणं, तरी वांगी निवडता निवडता काकू म्हणतात कशा, "तुमचं बरंय बाई. दाखला तुम्हाला, सवलत तुम्हाला, आता वर्गात जागाबी तुम्हाला. आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय?"

मी काय गप्प बसते? म्हटलं, "काकू, जागा मागच्या भित्तीची मिळालीय. पायजे तर बदलून घ्या." वांगी तिथंच टाकून गेल्या.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे कुरकुंभला कंपनीत, सुट्टीच्या दिवशी शहाणपण जरा जास्तच. म्हणाले, "त्या म्हणतात समदं आपल्याला. आपण म्हणतो समदं त्यांना. सोसायटी, डेअरी, कारखाना कुणाच्या हातात हाय?" खरं आहे. पण काकूंचा धाकटा दोन वेळा भरतीला जाऊन हात हलवत परत आला, आणि आमच्यातला एक लागला, हेही खरं. हे मी तोंडानं म्हणायची नाही. इथं लिहिते.

३ जुलै, शनि.

डोकं फिरलंय. आमची पोरं वर्गात शिरली की मागून "ब्यॅऽऽ ब्यॅऽऽ". गुरुजी आले की बंद. दोघं आज शाळेत गेलीच नाहीत, कालव्यावर पाय सोडून बसलेली सापडली.

तशीच गुरुजींकडं गेले. भला माणूस. म्हणाले, "मी बाकं मिसळतो हो, पाठ वळली की पोरं परत आपापल्या जागी. काय करू?" मग आवाज खाली घेऊन, "खरं सांगू का सुमनबाई, तुमची मुलं आली नसती तर आमचा तिसरा शिक्षक गेला असता. पट कमी होता."

म्हणजे गावाला पोरं नकोत, पट पाहिजे!

संध्याकाळी मंडपात हे सांगितलं आणि चूक केली. बिरा उसळला. "म्हंजी आमची पोरं भरतीला व्हय? उद्यापास्नं कोण जायाचं न्हाई." त्याची बायको हौसा शेण काढत होती, तशीच उभी राहिली. "भरतीला तर भरतीला. माजी पोरगी मेंढरांमागं न्हाई जायाची. म्या गेले तेवढं बास." सगळ्या वस्तीपुढं बोलली. मी तर बघतच राहिले. आबांनी नुसती तंबाखू मळली.

९ जुलै, शुक्र.

हसून हसून पोट दुखतंय. देवा, बरं वाटलं!

आज मागून परत ब्यॅ ब्यॅ सुरू झालं. ठकू, तीच तोंडाला कुलूपवाली, वळून म्हणाली, "ह्ये मेंढरू न्हाई. ह्ये बोकाड हाय. मेंढरू आसं वरडतंय." आणि अशी वरडली म्हणे, की शाळेमागं बांधलेल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. मग काय, सगळी पोरं तिच्या मागं, ठकू गाभणी कशी वरडती, ठकू चुकलेलं कोकरू कसं वरडतंय. गुरुजी आले तर अख्खा तिसरीचा वर्ग ब्यॅ ब्यॅ करतोय, गावची आणि वस्तीची मिळून. छड्या सगळ्यांना सारख्या.

हौसाला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. मग विचारलं, "लागलं का गं तिला?" म्हटलं, लागू दे, पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर लागलंय.

१५ ऑगस्ट, रवि.

झेंडा. मग ग्रामसभा. समितीतर्फे सगळ्या मुलांना एकसारखी दप्तरं, निळी, वर पांढरा पट्टा. के.प्र.चं भाषण झालं. एक गणवेश, एक दप्तर, एक पंगत. टाळ्या.

गावातला एक पोरगा उठला, काकूंच्या धाकट्याचा दोस्त. "साहेब, पंगत एक, तर दाखले दोन कशाला?"

झालं. बिरा उठलाच. "दाखला एक करा की. आन् मग जमिनी बी एक करा."

  तात्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बिरा, माझी नदीकाठची घे गड्या. पर पूर आला की मोटर काढायला रातचा तूच जा." सगळे हसले, बिराही हसला. सुटले. पण कोणाचंच उत्तर झालं नाही, ना त्या पोराचं, ना बिराचं. के.प्र. "यावर शासन विचार करतंय" म्हणाले. ते नेहमी करतं.

ह्यांचं म्हणणं, आपण अजून एसटीचा दाखला मागतोय आणि गाव म्हणतंय तुम्हाला सगळं मिळालं. म्हटलं, झोपा आता.

२३ ऑगस्ट, सोम.

एकसारख्या दप्तरांनी घात केला. रोज अदलाबदल, रोज मारामाऱ्या. शनिवारी प्रियांकाचं, म्हणजे काकूंच्या नातीचं, दप्तर ठकूच्या घरी आलं. चुकून! दोन्ही निळी, दोन्ही खिळ्याला शेजारी. पण आत प्रियांकाची नवी कंपासपेटी. आज काकू शाळेच्या फाटकात आल्या आणि सगळ्यांदेखत, "मेंढराच्या पोरीनं उचललंच शेवटी."

ठकू घरी आली ती घोंगडं डोक्यावरून घेऊन पडली. जेवली नाही. बिरा म्हणतो, झालं समाधान? मी म्हटलं दसरा अजून लांब आहे. माझाच आवाज मला खोटा वाटला.

२५ ऑगस्ट, बुध.

आबा!! आता काय करू या माणसाचं!

सकाळी मी धारा काढायला गेलेली, तेवढ्यात आबांनी वस्तीवरच्या सगळ्या पोरांची दप्तरं गोळा केली आणि झाकणावर तांबड्या रंगाचा एकेक आडवा पट्टा ओढला. मेंढरांच्या पाठीवर ओढतात तोच. आमच्या कळपाची खूण! पोरं मिरवत गेली सुद्धा. मला कळलं तेव्हा ती पुलापलीकडं.

म्हटलं, "आबा, अहो पोरं हाईत ती, मेंढरं न्हाईत! गाव आधीच काय म्हणतंय ठावं हाय न्हवं?"

शांतपणे डबा बंद करत म्हणाले, "कोकरू दुसऱ्याच्या कळपात मिसाळलं की भांडान. खूण आसली की भांडान न्हाई. दप्तराचं बी तसंच. त्यात काय वाईट केलं म्या?"

काय बोलणार! ज्या पोरांना गाव मेंढरं म्हणतं त्यांच्या पाठीवर आम्हीच खूण लावून पाठवली. मला रडावं का हसावं कळेना. रडलेच.

२६ ऑगस्ट, गुरु.

व्हायचं ते झालं. के.प्र. आले होते. "आम्ही भेद मिटवतो आणि तुम्ही रंग लावता?" गावात एकच बोलणं, बघा, यांनाच वेगळं राहायचंय. बिरा उलट छाती काढून, "व्हय, आमची खूण हाय, लाज कसली?" म्हणजे दोन्हीकडून आगीत तेल.

रविवारी शाळेत मिटिंग. तात्यांनी निरोप धाडलाय, आबांना घेऊन या. के.प्र.च्या बोलण्यावरून असं वाटलं की आमच्या पोरांना खुटबावकडच्या शाळेत पाठवायचं चाललंय. तेवढी वाट बारकी पोरं चालतील होय? नाहीच जाणार ती. जातील मेंढरांमागं.

मी पोरांना म्हटलं पट्टा घासून काढा. निघत नाही. आबांचा रंग, मेंढराच्या अंगावर पाऊस खातो तो.

२७ ऑगस्ट, शुक्र.

आज एक नवलच. शाळा सुटल्यावर प्रियांका ठकूबरोबर पूल ओलांडून वस्तीवर आली. दप्तर पुढं केलं. "आबा, मलाबी करा. माझं सारखं हरवतंय."

मी धावले. "आबा, नका हं! काकू मला जाळतील."

आबांनी डोळे बारीक केले. "कुणाची गं तू?"

"तात्यांची नात."

"मग तांबडी न्हाई तुला. तुमची निळी. दोन टिपकं." आणि उठून नीळ शोधायला लागले.

मला हे माहीतच नव्हतं. तात्यांच्या वडलांची काही मेंढरं पूर्वी आमच्या कळपात राखायला असायची. गावातल्या अजून काही घरांची पण. ज्याच्या त्याच्या घरची खूण वेगळी, एका कळपात. मी विचारलं, आणि अर्धलीची, म्हणजे दोन घरांच्या निम्म्या-निम्म्या वाट्यातली? त्यांना दोन्ही खुणा, म्हणाले. आपली बी आन् त्यांची बी. अर्धलीचं जनावर दुसऱ्या घराला इचारल्याबिगर लांबच्या मुलखात न्हेत न्हाईत, इकत न्हाईत. आबांच्या बापाचा कायदा.

बोलता बोलता दोन ठिपके उठले पण. निळ्या दप्तरावर निळे दिसेनात, म्हणून पांढऱ्या पट्ट्यावर लावले. प्रियांका खूश. माझ्या डोळ्यांपुढं काकू.

२८ ऑगस्ट, शनि.

दुपारी पावसाची सर आली आणि नीळ उतरली. प्रियांकाचा पांढरा सदरा पाठीवर निळाशार. तासाभरात काकू वस्तीवर हजर, सदरा हातात झेंड्यासारखा. माझ्या लग्नापासून त्या इकडं आलेल्या मला तरी आठवत नाहीत.

"कुठाय तो म्हातारा? माझ्या नातीलाबी मेंढरू केलं व्हय?"

आबा उठले, टोपी नीट केली. "सूनबाई, ती थोरल्या मालकांची खूण हाय. म्या न्हाई काढली. तुमच्या सासऱ्यानं काढली."

काकू थांबल्या. सदरा खाली घेतला. मग म्हणाल्या, "आमच्या घरात एक घोंगडं हाय. म्या नवी नवरी आले तवा मामंजींनी दिल्यालं, आपल्याच मेंढरांची लोकर म्हणून. मला वाटायचं उगं बोलत्यात."

"कोपऱ्यात निळा दोरा आसंल," आबा म्हणाले.

"हाय." आणि लगेच आवाज परत चढला. "मग पक्का रंग लावायला काय झालं? धुऊन धुऊन माझी कंबर मोडली!"

चहा प्यायल्या. जाताना ठकूला हाक मारली. "ए पोरी, त्या दिवशी बोलले ते बोलले. मनात धरू नगंस." ठकू काकूंना बघताच घोंगड्यात शिरली होती. ती बाहेर आली. मला तेवढं पुष्कळ. किती दिवसांनी पोटभर जेवले.

२९ ऑगस्ट, रवि.

मिटिंग. मी जाताना बिरोबाला नवस बोलून गेले, काय बोलले ते लिहीत नाही.

के.प्र. सुरू होणार तेवढ्यात तात्यांनी प्रियांकाचं दप्तर टेबलावर ठेवलं. "साहेब, ही आमच्या घरची खूण. माझ्या बापाची. आता आमालाबी बाहेर काढा." हशा.

मग जी गंमत! एकजण उठून, आबा, आमची होती का? आबा म्हणाले व्हय, कानामागं हिरवी. दुसरा, आमची? तुमी कोंबड्या पाळायचा. मग त्याचं घर हट्टालाच पेटलं, आम्हालाही खूण पाहिजे. सुताराला करवतीचे दात मिळाले. मोमीन मास्तरांच्या घरच्यांनी चांदणी मागितली. दोघं भाऊबंद एकाच खुणेवरून भांडले, ते सोडलं तर बाकी सगळी मिटिंग भांडणाशिवाय झाली.

के.प्र. कानात म्हणाले, "पण वरून विचारलं तर?" गुरुजी म्हणाले, "हस्तकला म्हणून लिहू."

पोरं गावच्याच शाळेत राहणार! खुटबावचं नाव नाही निघालं. ह्यांनी कंपनीतून ऑइल पेंट आणायचं कबूल केलं.

बाहेर पडताना तो ग्रामसभेतला पोरगा भेटला. म्हणाला, "ताई, खुणा झाल्या, पण दाखले दोनच ना?" म्हटलं, व्हय बाबा. खुणेनं त्याला नोकरी लागणार नाही आणि आमच्या जाऊबाईंच्या दिनूलाही नाही. त्याचा राग खोटा नाही. पण आजच्या दिवस मी खूश राहणार, कोण काय करतंय बघू.

१७ सप्टेंबर, शुक्र.

उद्या गणपती. ठकू आणि प्रियांका एका बाकावर, कट्टी-बट्टी दिवसातून चारदा. आज ठकू म्हणाली प्रियांका चोरटी आहे, माझं रबर घेतलं. मी म्हटलं चांगलं झालं, फिट्टंफाट.

पहिलीला मी शिकवावं असा समितीनं ठराव केलाय. वर पाठवलाय. उत्तर नाही. तोवर फुकट जाते. हे कुरकुरतात. मला घरी बसवत नाही, काय करू.

२२ ऑक्टोबर, शुक्र. दसरा

सकाळपासून आबांच्या तोंडाकडं बघतेय. आबा काही बोलेनात. दुपारी गावची पोरं आपट्याची पानं घेऊन वस्तीवर आली, झुंडीनं. आबांच्या पायाशी सोन्याचा ढीग. 

रात्री ताट सारून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पोरं शाळंत."

मी उठून मागं गेले आणि गोठ्यात म्हशीच्या गळ्यात पडून रडले. खरंच. म्हैस पण वैतागली.

परत आले तर पुढचं वाक्य राहिलेलं. "ठकूचं मात्र बिराला इचारा. त्यो आन् हौसा दोगं बी मेंढरांमागं. पोर त्येंची हाय." बिराला विचारलं, माझ्याकडं ठेव, जशी आधी ठेवायचास. म्हणाला, "तवा शाळा आपली व्हती, दारात. आता गावात कोण बघणार तिच्याकडं? बघतो." हौसा खाली मान घालून भाकऱ्या थापत होती.

बाकी सगळी राहिली. एवढं झालं हेच खूप, असं स्वतःला सांगतेय. ठकूवाचून ते पूर्ण होत नाही.

२२ नोव्हेंबर, सोम.

दिवाळी झाली, शाळा आजपासून सुरू. आणि काल कळप निघाला. पहिला मुक्काम दरसालसारखा तात्यांच्या रानात, एक रात्र. बिरा-हौसाबरोबर ठकूही गेली, दप्तरासकट. बिरानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मी रात्रभर कूस बदलली.

सकाळीच भाकरी घेऊन रानात गेले. वाघर, मेंढरांभोवतीची जाळी, उठवायचं चाललेलं. काकू पण आलेल्या, दुधाची किटली घेऊन. ठकूचं दप्तर घोड्याच्या खोगिराला अडकवलेलं. आबा ओझं बांधायला गेले आणि दप्तराशी थांबले. झाकणावर आमचा तांबडा पट्टा. खाली पांढऱ्यावर दोन ठिपके. निळे. ऑइल पेंटचे.

"ह्ये कुणी केलं?"

"म्या," काकू म्हणाल्या. "काल सांजच्याला. पक्का रंग हाय, घासू नगा." आणि मग बिराकडं न बघता, "आमच्या प्रियांकाला गणितं कोण शिकवणार? फुकट न्हाई ठेवत म्या. आठ दिस सुमनकडं, आठ दिस आमच्यात."

मेंढरू या शब्दानं कधीकाळी माझ्या अंगाची आग व्हायची. आज मेंढराचीच खूण बघून मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी.

आबा बिराला म्हणाले, "ठावं हाय न्हवं? अर्धलीचं जनावर."

"ठावं हाय," बिरा म्हणाला. त्यानं ठिपक्यांवर बोट ठेवलं. हौसानं किटली धरून ठेवलेली, दूध ओतायचं विसरून. बिरा म्हणाला, "त्ये जनावराचं, आबा. पोरीचं न्हाई."

 कळप आता हलणार होता, पुढचा मुक्काम निमोण्याकडं. माझं माहेर आहे ते, पण आज त्याचं नाव नको वाटलं.

तेवढ्यात गावातून शाळेची घंटा ऐकू आली. ठकू वाघरीपाशी कोकरू धरून उभी होती, बापाकडं बघत. बिरानं खोगिराचं दप्तर सोडलं, तिच्या खांद्याला अडकवलं आणि एकदम खेकसला, "बघती काय आशी? उशीर व्हतोय की!"

पळाली. मी तिच्या मागं.